पाकीट आधी उघडा, आकडा नंतर सांगा

४ नोव्हेंबर २०२० या एकाच दिवशी अमेरिकेतल्या दोन शहरांत डोनाल्ड ट्रम्प यांचे समर्थक मतमोजणी केंद्रांबाहेर जमले होते. मिशिगनमधल्या डेट्रॉइटमध्ये ते काचांवर हात आपटत ओरडत होते, ‘मोजणी थांबवा!’ ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये घोषणा होती, ‘मतं मोजा!’ उमेदवार एक, निवडणूक एक आणि मागण्या एकमेकींच्या उलट. यावरून त्या लोकांची तेव्हा भरपूर टिंगल झाली. मला ती टिंगल पटली नव्हती आणि आजही पटत नाही. टीव्हीच्या पडद्यावर त्यांना जे दिसत होतं, त्याला धरूनच ते बोलत होते. मिशिगनमध्ये त्यांच्या उमेदवाराची आघाडी तासागणिक घटत होती, ॲरिझोनात पिछाडी भरून निघत होती. दोन्ही राज्यांतली मतं मतदानाची वेळ संपण्याआधीच अधिकाऱ्यांच्या ताब्यात आलेली होती. त्यात नंतर कुणी एकाही मताची भर घालत नव्हतं. फरक एवढाच होता की ॲरिझोनात टपालाने आलेली पाकिटं आधी मोजली गेली आणि मिशिगनमध्ये शेवटी.

टपाली मतदानाबद्दलचा संशय बहुतांशी या क्रमातून जन्मतो. त्यावर जो उपाय सुचवला जातो तो मात्र नेमका उलटा असतो: मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत टपाली मतांना हातच लावू नका. माझं म्हणणं असं की पाकिटं जितक्या लवकर उघडून तपासली जातील तितकी निवडणूक जास्त विश्वासार्ह होते. अट एकच, बेरीज मतदान संपेपर्यंत कुणालाही दिसता कामा नये. आणि आपलं पाकीट कुठवर पोचलं, स्वीकारलं की नाकारलं, हे प्रत्येक मतदाराला स्वतः बघता आलं पाहिजे.

यासाठी पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण नीट बघायला हवं. २०१९ मध्ये या राज्याने कारण न देता टपालाने मतदान करण्याची मुभा देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी कोविड आला. २०२० च्या नोव्हेंबरात तिथे २६ लाखांच्या आसपास मतं टपालाने आली. कायद्याने मात्र बजावलं होतं की मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी एकही पाकीट उघडायचं नाही. म्हणजे ज्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी हजारो मतदान केंद्रं चालवायची होती, त्यांच्याच कार्यालयांना त्याच सकाळी हा ढीग फोडायला घ्यायचा होता.

एका पाकिटामागे किती काम असतं याची कल्पना बाहेरून येत नाही. आधी बाहेरच्या पाकिटावरचा बारकोड वाचून मतदाराचं नाव यादीशी जुळवायचं. त्यावरचं प्रतिज्ञापत्र सहीनिशी पूर्ण आहे का ते बघायचं. मग ते पाकीट कापायचं आणि आतलं दुसरं, कोरं पाकीट बाहेर काढायचं. मताची गुप्तता राखणारं पाकीट ते हेच. ते नसेल तर पेनसिल्व्हेनियात मत बाद. बाहेरची पाकिटं बाजूला गेल्यावर, म्हणजे कुठलं मत कुणाचं हे कळायची सोय संपल्यावर, आतली पाकिटं फोडायची. मतपत्रिका घडी घातलेली असते. ती उलट घडी मारून सपाट करायची, नाहीतर स्कॅनरमध्ये अडकते. कुणी कॉफी सांडलेली असते, कुणी फाडलेली असते. तशा मतपत्रिकेची नक्कल भरून ती यंत्रातून न्यायची. फिलाडेल्फियात एका शहराची साडेतीन लाखांहून अधिक पाकिटं होती. तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये यंत्रं लावून, रात्रंदिवस पाळ्या लावून हे काम चाललं आणि सगळं इंटरनेटवर थेट दिसत होतं.

तरी व्हायचं तेच झालं. बुधवारी पहाटे ट्रम्प जवळपास सात लाख मतांनी पुढे होते, कारण मतदान केंद्रांवरची मतं आधी मोजून झाली होती आणि ट्रम्प यांनी आपल्या समर्थकांना टपाली मतदानापासून महिनोन्महिने परावृत्त केलं होतं. पाकिटं उघडत गेली तशी आघाडी ओसरत गेली. शुक्रवारी सकाळी बायडेन पुढे गेले, शनिवारी वृत्तसंस्थांनी निकाल जाहीर केला आणि शेवटचा फरक ८० हजारांहून थोडा अधिक निघाला. मंगळवार रात्र ते शनिवार दुपार या मधल्या वेळात ‘आम्ही जिंकलो होतो, रातोरात हिसकावून घेतलं’ ही गोष्ट कोट्यवधी लोकांच्या मनात पक्की रुजली. नंतर साठाहून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. पण न्यायालयाचा निकाल ज्या मनापर्यंत पोचायला हवा होता, ते मन तोवर बंद झालेलं होतं.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि काय करायला हवं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियातल्या काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, पदाधिकारी, दोन्ही पक्षांचे, आधीपासून विधिमंडळाला सांगत होते की आम्हाला काही दिवस आधी पाकिटं उघडू द्या. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने त्या सवलतीला इतर अटी जोडल्या, डेमोक्रॅट राज्यपालांना त्या मान्य नव्हत्या आणि विषय तिथेच अडला. २०२४ ची निवडणूकही त्याच सकाळी सातच्या नियमाखाली पार पडली. मधल्या काळात एक सुधारणा झाली: राज्याचं अनुदान घेणाऱ्या काउंटीने मोजणी सुरू केल्यावर मध्ये न थांबता पूर्ण करायची. त्या वर्षी टपाली मतंही कमी होती, त्यामुळे निकाल लवकर लागला. मूळ दुखणं मात्र तसंच राहिलं.

विस्कॉन्सिनमध्ये हीच कथा आणखी ठळक दिसली. तिथेही मतदानाच्या सकाळपर्यंत पाकिटं बंद ठेवावी लागतात. मिलवॉकी शहर आपली टपाली मतं एका केंद्रात मोजतं आणि एकदमच जाहीर करतं. २०२० मध्ये ती पहाटे तीनच्या सुमारास आली, पावणेदोन लाखांच्या आसपास. टीव्ही आणि वेबसाइटवरच्या आलेखात बायडेन यांची रेघ एकदम सरळ वर गेली. तो आलेख समाजमाध्यमांवर लाखो वेळा फिरला. आलेख खरा होता, त्यातला आकडा खरा होता. ‘रात्री तीन वाजता मतं ओतली’ हा त्याचा लावलेला अर्थ तेवढा खोटा होता. विस्कॉन्सिनमध्ये हे काम एक दिवस आधी, सोमवारी, सुरू करू द्यावं असं विधेयक २०२३ मध्ये एका सभागृहात मंजूर झालं आणि दुसऱ्या सभागृहात पडून राहिलं. पहाटेच्या त्या रेघेने ज्यांना सर्वाधिक राजकीय फायदा झाला, त्यांना ती रेघ नाहीशी करायची घाई नसावी, असं मानायला जागा आहे. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं पटण्यासारखं कारण मला सापडत नाही.

आता फ्लोरिडा बघा. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ५३७ मतांचा फरक आणि ३६ दिवसांचा घोळ याच राज्याने जगाला दाखवला होता. त्यातून ते शिकलं. २०२० मध्ये तिथे ४८ लाखांहून अधिक मतं टपालाने आली, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या जवळजवळ दुप्पट. पण तिथल्या कायद्याने तीन आठवडे आधीपासून पाकिटं उघडायला, सह्या तपासायला, मतपत्रिका यंत्रातून न्यायला मुभा दिलेली होती. मतदान संपल्यापासून अर्ध्या तासात टपाली आणि आगाऊ मतांचे आकडे जाहीर करायचे, असंही बंधन होतं. त्याच रात्री फ्लोरिडाचा निकाल स्पष्ट झाला. ट्रम्प जिंकले आणि कुणी रस्त्यावर आलं नाही. मतदान संपण्यापूर्वी एखाद्या कर्मचाऱ्याने आकडा बाहेर सांगितला तर तो तिथे फौजदारी गुन्हा ठरतो, नुसती ताकीद देऊन सोडत नाहीत. हे राज्य गेली अनेक वर्षं रिपब्लिकन पक्षाच्या हातात आहे हेही इथे सांगायला हवं, कारण ‘लवकर उघडा’ ही मागणी एका पक्षाची आहे असा समज पसरला आहे.

लवकर मोजणीला होणाऱ्या विरोधात एक खरी भीती आहे, आणि तिची थट्टा करून चालणार नाही. आकडा फुटला तर? मतदान चालू असताना कोण पुढे आहे हे कळलं, तर मागून येणारा मतदार घरी बसेल किंवा वाऱ्याच्या दिशेने मत देईल. १९८० मध्ये एका वाहिनीने पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे सव्वाआठ वाजले असताना रीगन यांना विजयी घोषित केलं. तेव्हाचे अध्यक्ष आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांनी दहाच्या आत पराभव मान्य केला. तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सातही वाजले नव्हते, मतदानाला तासाभराहून अधिक वेळ शिल्लक होता. त्याच मतपत्रिकेवर स्थानिक उमेदवारही होते, त्यांना याचा फटका बसला अशी तक्रार पुढे कित्येक वर्षं होत राहिली. २००० साली फ्लोरिडाचा पश्चिम भाग एक तास मागच्या कालपट्ट्यात असताना, तिथली केंद्रं बंद होण्याआधी, वाहिन्यांनी डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना राज्य देऊन टाकलं आणि नंतर ते परत घेतलं.

आपल्याकडे तर ही भीती व्यवस्थेतच मुरलेली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा पहिला टप्पा १९ एप्रिलला झाला आणि मोजणी ४ जूनला. नागपूर, रामटेक, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर इथली यंत्रं ४६ दिवस कुलूपबंद राहिली, केवळ पुढच्या टप्प्यांतल्या मतदारांना आधीचा कल कळू नये म्हणून. मतदानोत्तर चाचण्यांवरही शेवटचा टप्पा संपेपर्यंत बंदी असते. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान २ तारखेला झालं, काही ठिकाणचं मात्र २० तारखेवर गेलं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ३ तारखेची मोजणीच थांबवून ती सगळीकडे २१ तारखेला घ्यायला लावली. कारण हेच: आधीच्या निकालाची छाया नंतरच्या मतदानावर पडू नये. उमेदवारांचे कार्यकर्ते स्ट्राँगरूमबाहेर पहारे देत थंडीत बसले, तक्रारी झाल्या, पण तत्त्व चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही.

या सगळ्या उदाहरणांत नुकसान करणारी गोष्ट कुठली, हे जरा थांबून बघू. १९८० मध्ये आणि २००० मध्ये कुणी टपाली पाकीट लवकर उघडलं म्हणून बिघडलं नव्हतं. बिघडलं ते निकाल लवकर सांगितल्यामुळे, आणि तोही वाहिन्यांनी, अंदाजाच्या आधारे. पाकिटावरची सही तपासणं, मतपत्रिका सपाट करणं, यंत्रातून तिचं चित्र घेणं आणि बेरजेचं बटण दाबणं ही वेगवेगळी कामं आहेत. पहिल्या तिन्हींतून कोण पुढे आहे हे कळत नाही. चौथ्यातून कळतं. भीती चौथ्या कामाची आणि बंदी पहिल्यावर, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ज्याला आकडा फुटण्याची काळजी आहे त्याने फ्लोरिडासारखी शिक्षा मागावी, बेरजेचं यंत्र इंटरनेटच्या जाळ्याशी जोडलेलं नसावं असं मागावं, दोन्ही पक्षांच्या सह्यांशिवाय ते उघडू नये असं मागावं. पाकीट कापायला मनाई मागून त्याची काळजी दूर होत नाही.

लवकर उघडण्याविरुद्धचा मला त्याहून वजनदार वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. गुप्ततेचं पाकीट एकदा वेगळं झालं की ते मत परत घेता येत नाही. दहा दिवस आधी मत पाठवलेल्या माणसाने शेवटच्या आठवड्यात काही नवं ऐकलं, उमेदवाराने माघार घेतली, तर? हा तोटा खरा आहे. पण तो आगाऊ मतदानाचाच तोटा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या मतदारानेही पाकीट पेटीत टाकलं की मत बदलण्याची वाट बहुतेक संपलेलीच असते. ज्याला शेवटच्या दिवसापर्यंत विचार करायचा आहे त्याने शेवटच्या दिवशी केंद्रावर जावं, ती सोय कुणी काढून घेतलेली नाही. बाकी, पाकिटं जास्त दिवस उघडी राहिली तर जास्त रात्री राखण लागेल हे म्हणणं मला तोकडं वाटतं. बंद पाकिटांनाही तितक्याच रात्री राखण लागते.

उशिरा आणि घाईने मोजण्याची किंमत शेवटी कुणी मोजली? ॲटलांटाच्या स्टेट फार्म अरिनामध्ये त्या रात्री मतं मोजणाऱ्या एका आई-मुलीने, रूबी फ्रीमन आणि शे मॉस यांनी. तिथलं काम रात्री थांबणार असं आधी ठरलं, पत्रकार आणि निरीक्षक निघून गेले, मग वरून सूचना आली की थांबू नका, आणि टेबलाखाली नियमाप्रमाणे ठेवलेली पेटी परत वर आली. सीसीटीव्हीचा तेवढाच तुकडा काढून ‘मतांनी भरलेल्या सुटकेसा’ म्हणून जगभर दाखवला गेला. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी तर या दोघींनी एकमेकींना यूएसबी ड्राइव्ह दिल्याचा आरोप केला. मॉस यांनी २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर शपथेवर सांगितलं की आईने हातात दिली होती ती आल्याची गोळी होती. धमक्यांमुळे आईला घर सोडावं लागलं, मुलीला नोकरी. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने जुलियानींना १४.८ कोटी डॉलर भरायला सांगितलं. पैशाचा आकडा मोठा आहे, पण अशा कामाला पुढच्या वेळी कोण पुढे येणार, याचं उत्तर त्यात नाही.

पाकिटाचा माग ठेवण्याची सोय नेमकी इथे उपयोगी पडते. संशय घेणाऱ्या शेजाऱ्याला दहा लेख वाचायला देण्यापेक्षा त्याचं स्वतःचं मत कुठे आहे हे त्याच्या फोनवर दाखवता आलं तर त्याचा परिणाम अधिक होतो. डेन्व्हर शहराने २००९ मध्ये ही सोय सुरू केली. मतपत्रिका छापून निघाली, टपालात पडली, तुमच्याकडे येत आहे, तुमच्याकडून परत मिळाली, स्वीकारली: प्रत्येक टप्प्यावर मतदाराला संदेश. यामागे असतो पाकिटावरचा पासष्ट उभ्या रेघांचा बारकोड, जो टपालखात्याची छाननी यंत्रं वाचत जातात. पुढे हीच पद्धत राज्याराज्यांत पसरली. मिशिगनच्या मतदारांनी २०२२ मध्ये सार्वमताने ती थेट राज्यघटनेत घातली. न्यू जर्सीत २०२० साली प्रत्येक सक्रिय मतदाराला टपालानेच मतपत्रिका पाठवली होती. एडिसनच्या परिसरातल्या मराठी घरांतही ती पाकिटं आली आणि ‘पोचलं का?’ हा प्रश्न तिथेही पडला असणारच.

हा माग किती कामाचा असतो ते २८ ऑक्टोबर २०२४ ला दिसलं. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर शहरात पहाटे कुणीतरी मतपत्रिकांच्या पेटीला आग लावली. चारशेहून अधिक मतपत्रिका जळाल्या, भिजल्या. पेटी शेवटची शनिवारी सकाळी अकराला रिकामी केली होती. काउंटीने ताबडतोब सांगितलं: त्यानंतर या पेटीत मत टाकलेल्यांनी आपली नोंद ऑनलाइन बघावी, पोचल्याचं दिसत नसेल तर नवी मतपत्रिका मागावी. अर्धवट जळलेल्या पाकिटांवरून नावं वाचून कर्मचाऱ्यांनी लोकांना स्वतःहूनही गाठलं. हे शक्य झालं कारण कुणाचं पाकीट आलं आणि कुणाचं नाही याची नोंद रोजच्या रोज होत होती आणि मतदानाला अजून आठवडा होता. हीच पाकिटं मतदानाच्या सकाळपर्यंत गठ्ठ्यांत बांधून ठेवायची पद्धत असती तर?

पण माग दाखवणं म्हणजे न्याय देणं नव्हे, हेही पेनसिल्व्हेनियानेच शिकवलं. एप्रिल २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत बटलर काउंटीतल्या छाननी यंत्राने पाकिटाचा आकार आणि वजन मोजून ओळखलं की काहींनी आतलं गुप्ततेचं पाकीट घातलेलंच नाही. मतदारांना आपोआप ईमेल गेला: तुमचं मत धरलं जाणार नाही, मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन तात्पुरतं मत (पात्रता तपासून नंतर मोजलं जाणारं) देऊ शकता. दोन मतदार ईमेलवर विश्वास ठेवून गेले, मत दिलं, आणि काउंटीने तेही मोजायला नकार दिला. ऑक्टोबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की ती मतं मोजलीच पाहिजेत. चूक झाली आहे असं कळवायचं आणि ती दुरुस्त करायची वाट ठेवायची नाही, हे मतदाराला दोनदा दुखावणं आहे. २०२० मध्ये अमेरिकेत परत आलेल्या टपाली मतांपैकी ०.८ टक्के नाकारली गेली. टक्केवारी लहान दिसते. संख्येत ती साडेपाच लाखांच्या वर जाते, आणि यातली अनेक सहीच्या किंवा उशिराच्या कारणाने. सहीची चूक आठवडाभर आधी सापडली तर माणूस येऊन सही करू शकतो. मतदानाच्या रात्री सापडली तर बहुतेक ठिकाणी काही करता येत नाही. म्हणून माग आणि लवकर तपासणी या दोन मागण्या मी वेगळ्या करू शकत नाही.

कॅलिफोर्नियाचा उल्लेख टाळला तर माझ्या बाजूची अडचण लपवल्यासारखं होईल. ते राज्य पाकिटं लवकर उघडतं, माग दाखवतं, सह्या दुरुस्त करू देतं, तरी आठवडेच्या आठवडे मोजत बसतं. २०२४ मध्ये तिथल्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका जागेचा निकाल डिसेंबर उजाडल्यावर लागला, फरक १८७ मतांचा. याचं एक कारण असं की मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट नंतर सात दिवस स्वीकारलं जातं, आणि मोठा गठ्ठा शेवटच्या दिवशीच पेट्यांमध्ये पडतो. शिक्क्यावर विसंबणंही आता धोक्याचं झालं आहे. पत्र टाकलेल्या दिवसाचाच शिक्का त्यावर पडेल असं नाही, हे अमेरिकेच्या टपालखात्याने २०२५ च्या अखेरीस स्वतःच स्पष्ट केलं. माझ्या मते पाकीट मतदान संपेपर्यंत पोचलंच पाहिजे ही अट योग्य आहे, परदेशातले नागरिक आणि सैनिक सोडून. माझ्याशी एरवी सहमत असणारे अनेक जण इथे नाराज होतील. पण मतदाराला आठवडाभर आधी पाकीट टाकायला सांगणं आणि ते पोचल्याचं त्याला दाखवणं, हे दोन्ही जमत असेल तर सात दिवसांची पुस्ती कशासाठी?

भारतात टपाली मतं थोडी, म्हणून हा विषय आपला नाही असं वाटू शकतं. मुंबई उत्तर-पश्चिमच्या २०२४ च्या निकालानंतर तसं म्हणणं अवघड आहे. यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मतं आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, निकाल तोच राहिला आणि उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिकाही फेटाळली. निकालावर मला काही म्हणायचं नाही. मला त्या १११ जणांबद्दल म्हणायचं आहे. विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त मतं बाद झाली, आणि ती देणाऱ्यांपैकी कुणाला आपलं मत बाद झालं हे कुणी कळवलं असण्याचा संभव नाही, कारण तशी पद्धतच नाही.

आपल्या नियमांत पाकीट उघडायची वेळ मोजणीच्या सकाळची. बाहेरचं पाकीट नमुना १३-क, आत मतदाराचं घोषणापत्र १३-अ, आणि त्यासोबत मतपत्रिकेचं बंद पाकीट १३-ब. घोषणापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, तर १३-ब न उघडताच मत बाद. हे सगळं मोजणीच्या टेबलावर, बाजूच्या टेबलांवर यंत्रांच्या फेऱ्या चालू असताना ठरतं. हे मतदार कोण असतात? सीमेवरचा जवान, दुसऱ्या तालुक्यात निवडणूक कामावर पाठवलेली शिक्षिका, बंदोबस्ताचा पोलीस, घरून मत देणाऱ्या पंच्याऐंशीपुढच्या आजी. निवडणूक चालवणाऱ्या आणि तिला संरक्षण देणाऱ्या माणसांचंच मत एका राहिलेल्या सहीने जावं आणि त्यांना ते कळूही नये, हे मला फार लाजिरवाणं वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने सूचना काढली की टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची उपान्त्य फेरी सुरू करायची नाही. चांगलं झालं. शेवटच्या क्षणी टपाली गठ्ठ्याने निकाल फिरवल्याचा आभास त्याने कमी होईल. पण क्रम लावून छाननीची घाई संपत नाही. पुढचं पाऊल अगदी छोटं आहे. मोजणीच्या आधी जी पाकिटं आलेली असतात, त्यातलं फक्त बाहेरचं १३-क उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, चित्रीकरण करत, रोज ठरलेल्या वेळी उघडावं. १३-अ तपासावं. १३-ब ला कुणी हात लावू नये, ते तसंच बंद, स्ट्राँगरूममध्ये. घोषणापत्रात खोट असेल तर मतदाराच्या मोबाइलवर संदेश जावा आणि ती दुरुस्त करायला त्याला मोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत मुदत असावी. कोण पुढे, कोण मागे हे यातून कुणालाही कळत नाही, कारण मतपत्रिका बंदच राहते. यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ५४-अ हा नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून बदलू शकतं.